नवा लॅपटॉप घरी आला: तपासणी आणि सेटअपबद्दल नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

लॅपटॉप बर्डीवरच्या दुकानातून घेतलेला असो की ऑनलाइन मागवलेला, त्याचा पहिला आठवडा फार मोलाचा असतो. दोष या आठवड्यात सापडला तर मशीन बदलून मिळू शकते, नंतर सापडला तर बहुतेक वेळा दुरुस्तीवरच भागवावं लागतं. म्हणून गाणी-फोटो भरण्याआधी तपासणी उरका. खालच्या पायऱ्या विंडोज ११ च्या आहेत. वीज, उष्णता आणि बिलाबद्दलचं सगळं कोणत्याही लॅपटॉपला लागू आहे.

खोका उघडण्याआधी काय पाहायचं?

आधी बिल पाहा. त्यावर जीएसटी क्रमांक, मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर छापलेला हवा. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" असं कोणी म्हटलं तर तिथून घेऊ नका, कारण बिलाशिवाय तुमची तक्रार उभीच राहत नाही.

मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि मध्ये न थांबवता एका दमात घ्या: खोक्याच्या सहाही बाजू, सील, सिरियल नंबरचं लेबल, खोका उघडणं, लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर आणि पहिल्यांदा सुरू झालेली स्क्रीन. बिल, खोका आणि लॅपटॉप या तिन्ही ठिकाणचा सिरियल नंबर एकच असायला हवा. खोका, आतला फोम, प्लॅस्टिकच्या पिशव्या परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका. अनेक विक्रेते पूर्ण पॅकिंगशिवाय मशीन परत घेत नाहीत.

दुकानदार म्हणतो, "दादा, आम्हीच सगळं सेट करून देतो." करू द्यावं का?

नको. तो मदत म्हणूनच म्हणत असेल, पण पहिल्या सेटअपमध्ये लॅपटॉप कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला जातो यावर पुढचं बरंच काही ठरतं. सोबत मिळालेलं एमएस ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) त्याच खात्यावर नोंदलं जातं. डिस्कच्या कुलपाची किल्लीही (तिच्याबद्दल पुढे) त्याच खात्यात जाते. दुकानातल्या पोराने आपल्या खात्यावरून सेटअप केला तर वर्षभराने ऑफिस पुन्हा टाकताना तुम्ही त्यालाच शोधत फिराल.

दुकानात फक्त एवढंच करा: मशीन सुरू करून देश निवडायची स्क्रीन येऊ द्या, डिस्प्लेवर ओरखडा किंवा डाग नाही ना पाहा, बिजागरी उघडझाप करून पाहा आणि बंद करा.

घरी आणून बटण दाबलं तर काहीच होत नाही. खराब निघाला का?

बहुधा नाही. कारखान्यातून निघताना अनेक लॅपटॉपची बॅटरी झोपवून ठेवलेली असते आणि चार्जर लावल्याशिवाय ती जागी होत नाही. चार्जर लावा, अर्धा तास थांबा, मग बटण दाबा. चार्जिंगचा दिवाही लागत नसेल तर दुसऱ्या सॉकेटवर पाहा. तरीही शांत असेल तर परतीची तक्रार त्याच दिवशी नोंदवा.

चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. हे धोक्याचं आहे का?

हा प्रश्न नागपुरात उन्हाळ्यात हमखास येतो आणि दोष बहुतेक वेळा लॅपटॉपचा नसतो, घराच्या अर्थिंगचा असतो.

ॲडॅप्टरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी किंचित प्रवाह धातूच्या बॉडीपर्यंत येतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर तो बॉडीवरच राहतो आणि बोटांना जाणवतो. हा प्रवाह सहसा इजा करण्याइतका नसतो, पण ज्या घरात तीन पिनांच्या ॲडॅप्टरवरही लॅपटॉप झिणझिणतो त्या घरात कूलर, गिझर आणि वॉशिंग मशीनलाही अर्थिंग नसण्याची शक्यता असते. खरा धोका तिथे आहे. कूलरच्या ओल्या पत्र्याला हात लावणाऱ्या लेकराचा विचार करा आणि हे काम पुढे ढकलू नका.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट यावेत. फेज ते अर्थ जवळपास तेवढेच यावेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत असावेत. फेज ते अर्थ शंभरच्या आसपास किंवा शून्य दाखवत असेल तर अर्थची तार कुठेतरी सुटली आहे किंवा अर्थिंगचा खड्डा सुकला आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची काळी माती वाळून भेगाळते आणि जमिनीतल्या इलेक्ट्रोडशी तिचा संपर्क कमी होतो. जुन्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहिलं पाहिजे. नव्या सोसायट्यांमधूनही याकडे कोणी पाहत नाही.

तीन पिनांच्या ॲडॅप्टरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की अर्थ आपोआप तुटतो, तो लावू नका. ज्या लॅपटॉपचा ॲडॅप्टर मुळातच दोन पिनांचा आहे, त्यात अर्थिंग नीट असलं तरी थोडी सुरसुर जाणवू शकते. जोराचा झटका बसला तर मात्र ॲडॅप्टर लगेच काढा आणि बदलून मागा.

स्टॅबिलायझर घ्यावा का?

नाही. ॲडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे एवढा चढउतार तो स्वतःच सांभाळतो. एक चांगला स्पाइक गार्ड पुरे, पण त्याचं बरंचसं संरक्षण अर्थिंगवर अवलंबून असतं. वादळात वीज कडाडत असेल तर चार्जर आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवा. यूपीएसचे पैसे खर्च करायचेच असतील तर राउटरसाठी छोटा घ्या. वीज गेली तरी लॅपटॉप चालत राहतो, बंद पडतं ते वाय-फाय.

ॲडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहून घ्या. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकून खात्री करता येते.

पहिल्या सेटअपमध्ये कुठे चुकतं?

दोन ठिकाणी. एक म्हणजे खातं. होम आवृत्तीत सेटअपसाठी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. रोजच्या वापरातला, मोबाइल नंबर जोडलेला ईमेल द्या. घाईत बनवलेल्या आणि पासवर्ड विसरलेल्या ईमेलमुळे पुढे फार त्रास होतो. तुमच्या फोल्डरचं नाव त्या ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून बनतं आणि नंतर ते सहज बदलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरं वनड्राइव्ह. सेटअपच्या ओघात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर ऑनलाइन साठवणीला जोडले जातात. फुकट जागा फक्त ५ जीबी. लग्नाचे फोटो टाकले की ती भरते आणि रोज पैसे भरण्याच्या सूचना येऊ लागतात. नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन या फोल्डरांचा बॅकअप थांबवा. थांबवल्यावर फाइली कुठे राहिल्या ते लगेच तपासा. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरात राहून जातात आणि लोकांना वाटतं उडाल्या.

बिलावर ५१२ जीबी, स्क्रीनवर ४७६. फसवलं का?

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्या हिशेबाने ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१ होतात. त्यातून विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग वजा होतो.

रॅमचंही तसंच. १६ जीबीपैकी थोडा वाटा ग्राफिक्ससाठी बाजूला ठेवलेला असतो, म्हणून वापरण्याजोगी रॅम कमी दिसते. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे एकूण रॅम, वेग आणि किती स्लॉट भरले आहेत ते दिसतं. १६ जीबी सांगून ८ दिसत असेल तर ती फसवणूक किंवा सैल बसलेली पट्टी आहे, आणि दोन्हींवर उपाय विक्रेत्यानेच करायचा.

शोकेसमधला डिस्प्ले पीस नवा म्हणून दिला असेल तर कसं कळणार?

स्वच्छ पुसलेला लॅपटॉप बाहेरून नवाच दिसतो. आतल्या नोंदी मात्र खोटं बोलत नाहीत.

बॅटरीपासून सुरुवात करा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून उघडा आणि रोमन लहान अक्षरांत पॉवरसीएफजी, एक रिकामी जागा, तिरकी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करून एंटर दाबा. पहिल्या शब्दाची अक्षरं पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच छापून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे आकडे जवळजवळ सारखे हवेत. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, शून्य किंवा एक-दोन हवा. काही मॉडेलांत ही जागा रिकामी असते, त्यावरून शंका घेऊ नका. फुल चार्ज कपॅसिटी ९० टक्क्यांच्या खाली असेल तर विचारणा करा.

मग डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवा. त्यात एसएसडी (लॅपटॉपची डिस्क) एकूण किती तास चालली, किती वेळा सुरू झाली आणि तिच्यावर किती डेटा लिहिला गेला हे दिसतं. कारखान्यातल्या चाचणीमुळे थोडे तास आणि थोडा डेटा असणारच. शेकडो तास दिसले तर तो लॅपटॉप कोणाच्या तरी टेबलावर चालून आला आहे.

तिसरी नोंद वॉरंटीची. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. तुमच्या बिलाच्या काही आठवडे आधीची तारीख दिसली तर घाबरू नका. माल गोदामातून निघाला तेव्हापासूनची ती असू शकते आणि बिल पाठवलं की कंपनी सहसा दुरुस्त करते. वर्षभरापूर्वीची असेल, किंवा पहिल्यांदा सुरू करताच कोणाचं तरी खातं आधीच दिसलं, तर मशीन परत करा.

टाकून दिलेलं विंडोज अस्सल आहे का?

बिलावर "डॉस" किंवा "फ्रीडॉस" लिहिलेलं असेल तर त्यात विंडोजचे पैसे धरलेले नाहीत. मग दुकानात ते आलं कुठून? कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, रिकामी जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-आय टाइप करा. कंपनीकडून विंडोज घालून आलेल्या मशीनवर ओईएम डीएम चॅनल असं दिसतं. घरगुती लॅपटॉपवर व्हॉल्युम आणि केएमएस असे शब्द (ते मोठ्या संस्थांच्या घाऊक परवान्याचे असतात) दिसले तर ती चोरीची प्रत समजा. अशा प्रतींसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं काम करणार आहात.

स्क्रीन कशी तपासायची?

रात्री, खोलीतला दिवा बंद करून. पूर्ण स्क्रीनभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक करून आणा. पेंटमध्ये रंग भरून चित्रं बनवली तरी चालतं. काळ्यावर चमकणारा ठिपका आणि पांढऱ्यावर काळा ठिपका शोधा. स्क्रीन आधी मऊ कोरड्या कापडाने पुसा, धुळीचा कणही ठिपक्यासारखा दिसतो. काळ्या रंगावर कोपऱ्यांतून किंचित उजेड झिरपणं आयपीएस प्रकारच्या एलसीडी पडद्यात असतंच. एका जागी पिवळट पट्टा दिसत असेल तर तो दोष.

एका खराब ठिपक्यावर मशीन बदलून मिळेलच असं नाही. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि बहुतेक कंपन्या त्यांतले मोजके खराब असणं धोरणातच मान्य करतात. म्हणून वॉरंटीच्या भरवशावर बसू नका, विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीतच बोला.

१२० किंवा १४४ हर्ट्झचा पडदा घेतला असेल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड भागात तो आकडा निवडलेला आहे का पाहा. कित्येक जण जास्त पैसे देऊन महिनोन् महिने ६० वरच चालवतात.

कीबोर्ड, पोर्ट, कॅमेरा?

नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबून पाहा, दोन्ही शिफ्ट आणि बाणांसकट. प्रत्येक यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावून मोठी फाइल टाका. एचडीएमआयला घरचा टीव्ही जोडा. इअरफोन लावून माइकही तपासा. यूएसबी-सी दिसलं की त्यातून चार्जिंग आणि डिस्प्ले चालेलच असं धरू नका, माहितीपत्रकात नीट वाचा. कॅमेरा काळा दिसत असेल तर आधी त्याच्यावरची बारीक सरकपट्टी बघा.

मे महिन्यात लॅपटॉप फार तापतो. बिघाड की हवामान?

बहुतेक कंपन्या लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरायला सांगतात. आपल्याकडे मे मध्ये बाहेर ४५ च्या पुढे पारा जातो आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत दुपारी ३५ च्या आत क्वचितच असतो. म्हणून उष्णतेची चाचणी सकाळी किंवा थंड खोलीत घ्या, नाहीतर चांगल्या मशीनवरही उगाच संशय येतो.

तापमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो आणि ताण द्यायला सिनेबेंच, दोन्ही फुकट आहेत. चार्जर लावून वीस मिनिटं चालवा. पातळ लॅपटॉपमध्ये पूर्ण ताणाखाली प्रोसेसर ९० ते १०० अंशांपर्यंत जाणं ऐकायला भयंकर वाटतं, पण तो तेवढ्यासाठी बनवलेला असतो आणि मर्यादा आली की वेग कमी करतो. दोष ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत: काहीही न चालवता ७० च्या वर राहणं, ताणाखाली अचानक बंद पडणं, माहितीपत्रकातल्या बेस वेगाच्याही खाली जाऊन तिथेच अडकणं, किंवा पंख्याची खरखर. यांपैकी काही दिसलं तर आकड्यांचा फोटो काढून तक्रार करा. पहिल्या दिवशी अपडेट चालू असताना मात्र पंखा जोरात फिरतो, तो दिवस जाऊ द्या.

रोजच्या वापरात गादीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवा बंद होते. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो. आणि कूलर: त्याच्या झोतात बसून काम करायचा मोह आपल्या सगळ्यांना असतो, पण तो झोत दमट असतो, कधी पाण्याचे बारीक तुषारही घेऊन येतो आणि लॅपटॉपचा पंखा तेच आत ओढतो. कूलरपासून लांब, झोताच्या बाजूला बसा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप दहा मिनिटंही सोडू नका. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णता सगळ्यात वेगाने खाते.

अपडेट करताना वीज गेली तर?

विंडोजचं अपडेट चालू असताना बॅटरी सांभाळून घेते. जपायचं ते बायोस अपडेटला (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम). बॅटरी निम्म्याहून जास्त, चार्जर लावलेला आणि बाहेर वादळ नाही, अशाच वेळी ते करा. स्क्रीन काळी झाली, पंखा जोरात फिरला, तरी बटण दाबू नका. मध्येच तोडलेलं बायोस अपडेट मदरबोर्ड निकामी करू शकतं.

पहिल्या दिवशी काही जीबीचं अपडेट उतरतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या वाय-फायच्या गुणधर्मांत मीटर्ड कनेक्शन (डेटा मोजून वापरायची सोय) चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा तासाभरात संपतो.

अचानक निळी स्क्रीन आली आणि ४८ आकड्यांची किल्ली मागते आहे.

नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. बायोस अपडेटनंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर ते कुलूप किल्ली मागतं. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसेसच्या यादीत सापडते. ती आजच उघडून कागदावर उतरवा आणि बिलासोबत ठेवा. किल्ली नसेल तर डेटा कंपनीलाही काढता येत नाही.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

विंडोजमधलं डिफेंडर घरच्या वापराला पुरतं. सोबत आलेला मुदतीचा अँटिव्हायरस काढून टाका. मुदत संपल्यावर तो फक्त भीती दाखवत राहतो.

मराठी टायपिंग कसं सुरू करायचं?

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, तिथे मराठी जोडा. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळांची ठरलेली मांडणी शिकायला आठवडाभर लागतो, पण पुढे हात वेगाने चालतो. त्यात "ऱ्या" लिहिताना अडत असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाची कळ शिफ्टशिवाय, मग ई. "ळ" साठी शिफ्ट आणि एन. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर मराठी फोनेटिक निवडा. इंग्रजी भारत कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबल्यावर रुपयाचं चिन्ह येतं.

रात्रभर चार्जिंगला ठेवलं तर चालतं का?

चालतं, पण सतत १०० टक्क्यांवर आणि गरम खोलीत राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. लॅपटॉप टेबलावरच राहत असेल तर ती चालू करा. प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करून पूर्ण भरा.

दोष सापडला. दुकानदार म्हणतो, "आता सर्व्हिस सेंटरला जा."

आधी त्याला लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, पण ईमेल बरा. सोबत बिल, व्हिडिओ आणि तपासणीचे फोटो जोडा. कंपनीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मशीन मुळातच सदोष आल्याचा कंपनीच्या तंत्रज्ञाचा अहवाल मिळाला तर दुकानदाराला टाळाटाळ करणं अवघड जातं.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा बिलावरचा शिक्का सदोष मालाला ढाल होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तुम्ही राहता तिथेच दाद मागायचा हक्क आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

मशीन सर्व्हिस सेंटरला देताना जॉब शीटवर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या, बाहेरची स्थिती "ओरखडा नाही" अशी नोंदवा आणि त्या कागदाचा फोटो तिथेच काढा. विंडोजचा पासवर्ड सांगू नका. लागलाच तर चाचणीसाठी वेगळं खातं बनवून द्या.